मधल्याची जागा

ओझेल टिबेट मेल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा त्याच्या अर्ध्या गालाला साबण लागलेला होता. शनिवारची दुपार होती. डेल्बर्टच्या सलूनमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत तो मान मागे टाकून बसला होता आणि नेहमीचा कार्यक्रम चालू होता. जुन्या काळचे दोन गाणारे ग्रुप समोरासमोर ठेवायचे, आधी एकाचं गाणं लावायचं, मग दुसऱ्याचं, आणि लोकांनी फोन करून कोण सरस ते सांगायचं. आज ॲम्बरटोन्स आणि डेल्वाइन्स होते. ॲम्बरटोन्सचं ते पायरीवर बसून वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं संपलं आणि निवेदक भरल्या गळ्यानं म्हणाला, "दुःख एवढंच, की या दोन्ही ग्रुपांतलं आज कुणीही आपल्यात उरलेलं नाही. वरती मात्र एकत्र गात असतील." डेल्बर्टचा वस्तरा गळ्याशी थांबला. मग तो म्हणाला, "मिस्टर ओझेल, हलू नका बरं. मेलेली माणसं हलत नसतात." बाकावरची मंडळी खदखदून हसली. ओझेलही हसला, वस्तरा गळ्याशी असताना हसता येईल तेवढं. त्याला राग आला नव्हता. आपण नाही आहोत हे कुणीतरी इतक्या सहज सांगावं आणि त्यात आपल्याला दुरुस्त करण्याजोगं फारसं काही सापडू नये, याची मात्र त्याला भीती वाटली.

बाकावर वाद सुरू झाला होता. फिलाडेल्फियाच्या या भागात हा वाद पन्नाशीपुढच्या माणसाला पाठ असतो. ॲम्बरटोन्स उत्तरेकडचे, डेल्वाइन्स नदीपलीकडचे, पश्चिमेकडचे. ॲम्बरटोन्स तपकिरी सूट घालून जागचे न हलता उभे राहत आणि लोकांना रडवत. डेल्वाइन्स पांढरे बूट घालून गिरक्या घेत. त्यांचा वरच्या पट्टीतला पोऱ्या गात असताना बाकीचे गुडघ्यावर येऊन उठेपर्यंत थिएटर उठलेलं असे. घरोघरी वाटण्या झालेल्या होत्या. सासर डेल्वाइन्सचं निघालं म्हणून तोंडं वाकडी करणाऱ्या बायका ओझेलनं पाहिल्या होत्या. "डेल्वाइन्स म्हणजे पाय," टपालखात्यातून निवृत्त झालेला लोनी म्हणत होता, "आणि ॲम्बरटोन्स म्हणजे गळा. संपला विषय." "गळा कसला, रडगाणं ते," दुसरा म्हणाला. "माझ्या बायकोनं पहिला नवरा सोडला तो ॲम्बरटोन्स ऐकून." "आणि तुला धरलं ते?" "डेल्वाइन्सवर नाचताना. उगाच नाही सांगत मी." पुन्हा हशा. टायरी नावाचा एक बसचालक होता, पस्तिशीचा, त्याच्या आईकडे या सगळ्या रेकॉर्डी होत्या म्हणे. त्यानं आरशातून ओझेलकडे पाहिलं आणि डेल्बर्टला विचारलं, "हे काका खरंच त्यांच्यातले?" डेल्बर्ट म्हणाला, "त्यांच्यातले म्हणजे? ॲम्बरटोन्सच आहेत ते. उरलेले." टायरी सरसावून बसला. "मग म्हणा की, काका. ते पायरीचं म्हणा. माझी आई ऐकून वेडी होईल."

त्यानं फोन पुढे धरला. ओझेलनं गाल पुसला, खुर्चीत ताठ बसला आणि म्हणायला लागला. त्यानं म्हटलं ते आयुष्यभर म्हटलेलं होतं, झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं: त्याचा भाग. गाण्याची चाल वेंडेलकडे होती. वरचा पातळ धागा जुनियसकडे, खर्ज हॉरेसकडे, आणि या सगळ्यांच्या मधोमध जे काही उरतं ते ओझेलकडे. ते म्हणजे जवळजवळ एकच सूर, बराच वेळ धरलेला, मग थोडा खाली, मग परत तिथंच. एकट्यानं म्हटलं की ते कुठल्याच गाण्यासारखं वाटत नाही. वेंडेलची चाल म्हणावी असं त्याच्या मनातही आलं नाही आणि आलं असतं तरी ती त्याच्या गळ्यातून निघाली नसती. चाल सुरू झाली की त्याचा गळा आपोआप तिच्या खाली जाऊन उभा राही. एक कडवं झाल्यावर टायरीनं हळूच फोन खाली केला. "हे कुठलं, काका?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात टवाळी नव्हती, आदरच होता, आणि तेच वाईट होतं. "तेच," ओझेल म्हणाला. "तेच आहे ते." लोनीनं घसा खाकरला. डेल्बर्टनं रेडिओ मोठा केला, डेल्वाइन्सचं बसचं गाणं लागलं होतं, आणि ओझेलच्या मानेवरचा कपडा झटकताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो रेडिओवाला बावळट आहे, मिस्टर ओझेल. तुमच्याशिवाय रॉस्कोपण आहे की. रॉस्को बिलिंग्सली. जर्मनटाउनला म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात असतो. अर्धांगवायू झालाय त्याला."

रॉस्को बिलिंग्सली. जर्मनटाउनला जाणाऱ्या बसची वाट बघत ओझेल उभा राहिला तेव्हा आपण तिकडे का निघालोय हे त्याला नीट माहीत नव्हतं. रॉस्को म्हणजे डेल्वाइन्सचा मधला. जे ओझेलनं एका ग्रुपमध्ये केलं तेच रॉस्कोनं दुसऱ्यात केलं. पण त्याला नाचता येई आणि बोलण्यात कुणाला हार जात नसे, त्यामुळे मधला असूनही त्याला लोक ओळखत. ब्रॉड स्ट्रीटवरच्या थिएटरात एका आठवड्यात दोन्ही ग्रुप एकाच पडद्यामागे होते आणि शेवटी कोण गाणार यावरून रोज भांडण. एकदा अरुंद बोळात दोघे समोरासमोर आले. ओझेल आवाज गरम करत होता, आपला तोच सूर. रॉस्को थांबला, सिगारेट तोंडातून काढली आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "बाबा, तू कशाला एवढा दमतोस? तू गप्प राहिलास तरी कुणाला कळणार नाही." मागे त्याच्या ग्रुपातले तिघे हसले. वेंडेलही हसला, हे जास्त लागलं. त्यानंतर ओझेलच्या घरात डेल्वाइन्सची एकही रेकॉर्ड आली नाही. रेडिओवर लागले तर अर्नेस्टीन, त्याची बायको, उठून बटण फिरवी. तिला सांगावं लागत नसे. ती गेली तरी ओझेलचा हात अजून बटणाकडे जाई. एका वाक्याचा राग माणूस किती वर्षं पोसू शकतो? अंगावरचा तीळ जसा आपला असतो तसा तो आता त्याचा झाला होता.

पण वाक्य खरं होतं की खोटं, हे मात्र ठरायचं राहिलं होतं. एकेकाच्या अंत्यविधीला ते थोडं थोडं ठरत गेलं. या शहरातल्या ग्रुपांची एक रीत होती. कुठून आली कुणास ठाऊक, पण सगळे पाळत. ग्रुपातला कुणी गेला की उरलेल्यांनी चर्चमध्ये शवपेटीपुढे उभं राहायचं, स्टेजवर जसे उभे राहत त्याच क्रमानं, गेलेल्याची जागा रिकामी सोडून. आणि गाजलेलं गाणं म्हणायचं, त्याचा भाग न म्हणता. तिथे भोक पडू द्यायचं. ते भोक म्हणजे श्रद्धांजली. वेंडेल गेला तेव्हा हे झालंच नाही, कारण चाल सगळ्या चर्चला येत होती. पंख्यानं वारा घेणाऱ्या बायकांनी, पांढरे हातमोजे घातलेल्या सेवकांनी, सगळ्यांनी ती उचलली आणि भोक बुजवून टाकलं. हॉरेस गेला तेव्हा मात्र खालची जमीनच सरकल्यासारखं झालं. ओझेल आणि जुनियस वर लोंबकळत राहिले आणि मागच्या बाकावर कुणीतरी ओक्साबोक्शी रडलं. मग जुनियस गेला. तेव्हा ओझेल एकटा उभा राहिला, डावीकडून दुसऱ्या जागी, आजूबाजूला तीन रिकाम्या जागा सोडून, आणि त्यानं आपला भाग म्हटला. पहिल्या ओळीनंतर लोक एकमेकांकडे बघायला लागले. म्हाताऱ्याला दुःख अनावर झालंय, असं समजून एक बाई उठली, तिनं त्याच्या हातात रुमाल कोंबला आणि दंडाला धरून त्याला बाकावर आणून बसवलं. "असू दे, भाऊ," ती म्हणाली, "देवाला कळतं." त्या दिवसापासून ओझेलला मरणाची भीती वाटेनाशी झाली होती, वाटायची ती त्यानंतरच्या अंत्यविधीच्या तासाभराची. आपल्यासाठी उभं राहायला कुणी नाही, हे एक. आणि कुणी असतं तरी काय वगळायचं हे त्याला कळलं असतं का? गाणं सुरू होईल, वेंडेलची चाल लोक म्हणतील, ऑर्गन खर्ज भरून काढील, आणि आपलं भोक कुठेच पडणार नाही. म्हणजे आपण होतोच असं कशावरून?

रॉस्कोच्या खोलीत उकडलेल्या भाज्यांचा आणि औषधाचा वास होता. त्याची मुलगी योलांडा पलंगाशी बसून त्याची नखं कापत होती. ओझेलनं नाव सांगितल्यावर तिचे हात थांबले. "ॲम्बरटोन्सचे मिस्टर टिबेट? डॅडी, बघा कोण आलंय." रॉस्कोचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. चांगल्या डोळ्यानं त्यानं ओझेलला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बरं, बरं." "एवढंच येतं त्यांना आता," योलांडा म्हणाली. "सगळ्याला बरं बरं. काल नर्सनं अंगावर गरम चहा सांडला, तरी बरं बरं." ओझेल खुर्चीवर टेकला. बसमध्ये त्यानं वाक्यं जुळवली होती. तू असं म्हणाला होतास, आठवतं का, असं सुरू होणारी. पण समोरच्या माणसाला उत्तरच देता येत नाही म्हटल्यावर ती वाक्यं सोडणं म्हणजे बांधलेल्या कुत्र्याला खडे मारणं. मग काय करायचं? त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आपला भाग म्हणायला सुरुवात केली. सलूनमध्ये म्हटला तोच. तुझ्या मते नसलेला. घे.

दुसऱ्या ओळीवर रॉस्कोचा चेहरा आंबट झाला. त्याचा चांगला हात चादरीतून वर आला आणि अंगठा छताकडे गेला. ओझेल थांबला. "बरं, बरं," रॉस्को चिडून म्हणाला आणि अंगठा पुन्हा वर. "वर," योलांडा म्हणाली. "वर जा म्हणतायत." ओझेलनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच अंगठा, आता पलंगाच्या कठड्यावर आपटत. आणि मग रॉस्कोनं तोंड उघडलं आणि गायला. बोलता न येणाऱ्या त्या ओघळलेल्या तोंडातून शब्द बाहेर आले, पायरी, दार, संध्याकाळ, सगळे स्वच्छ, आणि त्या शब्दांखाली वेंडेलची चाल नव्हती. तो ओझेलचा भाग होता. एकच सूर, बराच वेळ धरलेला, आणि 'दार' या शब्दावर क्षणभर अर्ध्या स्वरानं वर चढून परत आलेला. तो अर्धा स्वर त्याचा होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी, तिसऱ्या की चौथ्या वेळी, त्यानं तो आपल्या मनानं लावला होता, कुणाला न विचारता, आणि काचेपलीकडच्या माणसानं मान वर करून पाहिलं होतं. वेंडेलची चाल तिथे का दुखते ते कुणालाच सांगता येत नसे. ती तिथे दुखे, कारण खालून तो तिला टोचे. पुढे वर्षानुवर्षं भाड्याच्या वादकांबरोबर गावोगावी तेच गाताना तो अर्धा स्वर कधी गळून पडला, हे ओझेलला कळलंही नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं तरी त्याला रेकॉर्डमधलं ऐकू येत नसे, स्वतःच्या डोक्यातलंच येई.

"तळघरात लावायचे ते तुमची रेकॉर्ड," योलांडा सांगत होती. "आम्हाला बोलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, चालीकडे लक्ष देऊ नका, गाढवांनो, मधल्याला ऐका. मधला बघा काय करतो ते." ओझेलला आनंद व्हायला हवा होता. आला तो संताप. "मग तेव्हा बोलला का नाहीस?" तो म्हणाला. "बोळात मला काय म्हणालास तू? आणि घरी जाऊन तळघरात बसत होतास?" रॉस्कोचं अर्धं तोंड हसलं. "बरं, बरं," तो म्हणाला आणि त्यानं ओझेलचं मनगट धरलं, गळ्यातला जोर सगळा त्या हातात उतरल्यासारखं, आणि पुन्हा तीच ओळ सुरू केली. ओझेल त्याच्याबरोबर गायला. 'दार' शब्दावर त्याचा आवाज फाटला, पोचला नाही. रॉस्कोचा पोचला. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक करून म्हणालं, जरा हळू, शेजारच्या आजी झोपल्यात. परत येताना बसच्या खिडकीला डोकं टेकून ओझेल बसला होता आणि पुष्कळ वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. जगात एका माणसाला माहीत आहे. तो माणूस पलंगावरून उठू शकत नाही, पण त्याला माहीत आहे. आपण गेलो की तो त्या खोलीत पडल्या पडल्या आपल्या जागी भोक पडल्याचं ऐकेल. एवढं पुरे होतं. माणसाला किती लागतं?

पण रॉस्को आधी गेला. पानगळ सुरू व्हायच्या सुमाराला योलांडाचा फोन आला. ती रडत नव्हती, रडून झालं होतं. "डॅडींच्या ग्रुपचं कुणीच नाही, मिस्टर टिबेट," ती म्हणाली. "तुम्ही उभे राहाल का? बसच्या गाण्याला. त्यांची जागा सोडून." ओझेल हो म्हणाला, लगेच, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला. जागा सोडून. रॉस्कोची जागा डावीकडून तिसरी, तेवढं त्याला आठवत होतं. पण त्या जागेवरून रॉस्को गात काय होता? ओझेलला बसचं गाणं माहीत होतं, सगळ्या शहराला होतं. सुटलेली बस, ओला रस्ता, तो वरच्या पट्टीतला पोऱ्या. त्याच्या आत काय होतं? त्यानं ते कधी पुरं ऐकूनच घेतलं नव्हतं.

सोमवारी सलून बंद असतं. डेल्बर्टनं त्याच्यासाठी दार उघडलं, मागच्या खोलीतून डेल्वाइन्सची रेकॉर्ड आणि प्लेअर काढून दिला आणि स्वतः आरसे पुसत राहिला. ओझेल स्पीकरला कान लावून बसला. पोऱ्याचा आवाज आला. व्हायोलिनं आली. खर्ज आला, ढोल आला, त्या चौघांचे बूट लाकडी फळीवर आपटल्याचा भासही आला. पुन्हा लावली. मध्ये काहीतरी होतं, भरलेलं, ऊबदार, पण त्याला हात घातला की ते पोऱ्याच्या आवाजात किंवा व्हायोलिनात विरघळून जाई. ओझेलचा स्वतःचा गळा पुन्हा पुन्हा तिथे शिरत होता, आपण असतो तर काय लावलं असतं ते लावत होता, आणि त्याखाली रॉस्को झाकला जात होता. "डेल्बर्ट, यात मधला वेगळा काढता येतो का?" त्यानं विचारलं. डेल्बर्ट आरसा पुसत म्हणाला, "मधला कोण ऐकतो, मिस्टर ओझेल?" आणि मग त्याचा हात थांबला, तो आरशातून ओझेलकडे बघायला लागला. "म्हणजे, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता." "माहीत आहे," ओझेल म्हणाला. "सुई पुन्हा पहिल्यापासून ठेव." दुपार कलेपर्यंत डेल्बर्ट सुई ठेवत राहिला. शेवटी ओझेलला दोन सूर सापडल्यासारखे वाटले, पण ते रॉस्कोचे होते की त्याचे स्वतःचे, हे सांगणारा माणूस अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांच्या दुकानात शेवटचे कपडे चढवून घेत होता.

चर्च भरलेलं होतं. पश्चिमेकडची सगळी माणसं, पांढरे बूट घालून आलेले म्हातारे, रॉस्को फिरायचा त्या गिरकीची नक्कल करून एकमेकांना दाखवणाऱ्या बायका. पाद्र्यानं त्याचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. ओझेल तपकिरी सूट घालून शवपेटीपुढे जाऊन उभा राहिला, डावीकडून दुसऱ्या जागी, आपल्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. पेटीतल्या रॉस्कोचं तोंड सरळ केलेलं होतं, ओघळ पुसून टाकलेला होता आणि त्यामुळे तो कुणीतरी दुसराच वाटत होता. योलांडानं पहिल्या बाकावरून मान हलवली. ऑर्गन सुरू झाला. ओझेलनं श्वास घेतला, पोट भरून, जसा शिकवला होता तसा, आणि तोंड उघडलं. चाल त्याच्या गळ्यातून निघणारी नव्हती, आता रॉस्कोचा सूर सोडून मधला बाकी कुठलाही म्हणायचा होता. त्यानं एक मनात धरला. हा असेल तर? मग दुसरा धरला. कदाचित हाच असेल. छातीतला श्वास तापायला लागला. जो सूर लावावा तो रॉस्कोचा असण्याची भीती होती, आणि ज्या माणसानं ओझेलचा अर्धा स्वरसुद्धा चाळीस वर्षं तळघरात जपून ठेवला, त्याच्या जागेवर त्याच्याच पेटीपुढे पाय द्यायचा त्याला धीर होईना. त्यानं तोंड मिटलं. मागून लोकांनी चाल उचलली. आधी बायकांनी, मग पांढऱ्या बूटवाल्यांनी, मग सगळ्यांनी, टाळ्या वाजवत, बाक हलवत. कुणीतरी वरच्या पट्टीतला पोऱ्याही हुबेहूब काढला. ओझेल उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे कान लावून उभा होता, निदान आता तरी काहीतरी उणं ऐकू येईल म्हणून. गाणं शेवटच्या कडव्याला पोचलं, घुमलं आणि पुरं झालं. कुठेच काही कमी पडलं नाही.